तीनच्या गाडीची गोळी

अक्का, तुझी डबी आता माझ्याकडे आहे. दहाव्याच्या दिवशी रामकुंडावरून घरी आलो तेव्हा तुझ्या सुनेनं, सुनंदानं, ती पदरानं पुसून माझ्या हातात ठेवली. "मामा, ही तुम्ही ठेवा," एवढंच म्हणाली. ॲल्युमिनियमची, झाकणाला पोचा आलेली, एके काळी मिशरीची. मिशरी सुटली, डबी राहिली. आत सात गोळ्या आहेत. लहान, पांढऱ्या, मधोमध चीर असलेल्या. मी मोजल्या. माझ्या या मोजण्याच्या सवयीवरून तू मला आयुष्यभर बोललीस.

तू गेल्याची चार ओळींची बातमी आमच्या पेपरात आली. गाव, वय, मागे कोण कोण आहे. ती मीच लिहिली. पंचवीस-तीस वर्षं तशाच ओळी दुसऱ्यांच्या माणसांबद्दल लिहीत आलो, त्यामुळे पाच मिनिटांत झाली. त्यात जे बसलं नाही ते इथे लिहितो आहे. तुझं नाव घालणार नाही. का, ते तुला माहीत आहे. वाचणाऱ्याला पुढे कळेल.

आईपासून सुरुवात करावी लागेल. आई चौपन्नाव्या वर्षी गेली. आपल्या घरात तेव्हा रक्तदाब हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. सपाट वाटेवर तिला दम लागायचा. झोपताना तीन उशा लागायच्या. पाय सुजायचे. शेजारीपाजारी म्हणायचे, अंगात पाणी झालंय, आणि तिथेच विषय संपायचा. मी कॉलेजात होतो, तू मखमलाबादला सासरी. तू माहेरी यायचीस, तिचे पाय मांडीवर घ्यायचीस आणि नडगीवर अंगठा दाबून धरायचीस. अंगठा काढला की तिथे खड्डा राहायचा. "बघ, दामू, भरत नाय," म्हणायचीस. आपण दोघं त्या खड्ड्याकडे बघत बसायचो. दुसरं काही करायचं असतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून तू मनाशी एक ठरवून टाकलंस. आईच्या वयाला आपणही जायचं. ते तू रडून सांगितलं नाहीस, पाऊस-पाण्याबद्दल बोलावं तसं सांगायचीस. मुलाचं, रामनाथचं, लग्न लवकर उरकलंस तेही त्याच हिशेबानं. "चौपन्नच्या आत नातू बघायचाय मला," म्हणालीस. मी हसलो होतो. तू हसली नव्हतीस.

तुझा दाब पहिल्यांदा मोजला तो पंचवटीत, डॉ. भालेरावांच्या सहा खाटांच्या दवाखान्यात. नव्वद साल उलटून दोनएक वर्षं झाली असतील. डोकं दुखतं म्हणून मी तुला स्कूटरवर घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, ऐकलं, परत फुगवला. मग आतल्या खोलीतून दुसरं यंत्र आणलं.

"पहिलं बिघडलंय का?" तू विचारलंस.

"तेच बघतोय," ते म्हणाले. दुसऱ्या यंत्रावरही आकडा तोच आला. "यंत्र ठीक आहे, मावशी. तुमचंच बघायला हवं."

त्यांनी मला समजावायला सुरुवात केली, कारण मी पेपरवाला. नळ्या त्याच, आत मीठ आणि पाणी जास्त, त्यामुळे दाब जास्त. तो दाब सोसत हृदयाला रात्रंदिवस रक्त ढकलावं लागतं, मग एक दिवस ते थकतं. मी मान डोलवत होतो. तू मध्येच बोललीस, "म्हंजे पुढं पाईप चोंदला की इहिरीवरच्या मोटारीवर लोड येतो, तसं." डॉक्टर माझ्याकडे बघायचे थांबले आणि त्यानंतर कायम तुझ्याशीच बोलले. "बरोबर. आणि लोड घेऊन घेऊन मोटार जळते. ही गोळी जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढते. मोटार वाचवायची गोळी आहे ही. रोज सकाळी एक, चहा झाल्यावर. जन्मभर."

"जन्मभर म्हंजे चारच वर्षं," तू म्हणालीस. डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं.

पुढची तीन वर्षं दर दुसऱ्या महिन्याच्या मंगळवारी मी तुला तपासायला नेत होतो. मंगळवार, कारण त्या दिवशी तू शेतातली फुलं घेऊन बाजारात जात नव्हतीस. कधी दाब बरा असायचा, कधी वाईट. डॉक्टर कोड्यात पडायचे. त्यांनी दुसरी गोळी जोडली. मी मिठावर घसरलो. तुझ्या चुलीशी बसून पापड, लोणचं, खर्डा यांच्यावर भाषणं दिली. तू ऐकून घ्यायचीस आणि ताटात पापड वाढायचीस.

"अळणी खायला मी काय बाळंतीण हाय का?"

"अक्का, डॉक्टर सांगतात ते ऐक."

"डाक्टर भाकरी थापत नाय. खर्ड्याबिगर भाकर घशाखाली उतरवून दाखव म्हणावं."

तो वाद कधीच मिटला नाही. खर्डा तू सोडला नाहीस, कमी केलास. पापड सोडलास, पण माझ्यासमोर नाही. मी समोर असलो की मुद्दाम एक खायचीस. हे मला सुनंदानं गेल्या आठवड्यात सांगितलं. इतकी वर्षं मी समजत होतो की तू रोज पापड खातेस.

दसऱ्याचं ते वर्ष मात्र सगळं नीट लक्षात आहे. झेंडू जोरात आला होता. घटस्थापनेपासून तू रोज बाजारात होतीस. मंगळवार नाही, शनिवार नाही. मग दिवाळी लागली, शेवंती आली. महिनाभरात तुला एकही सुट्टी नव्हती. पाडव्याच्या दुपारी रामनाथ इंदिरानगरला आमच्या दारात उभा राहिला. "मामा, आई आडवी होऊ शकत नाय. बसूनच हाय सकाळपासून."

तुला डॉक्टरांकडे आणलं तेव्हा तू वाक्य तोडून तोडून बोलत होतीस. मी तुझ्या पायांशी उभा होतो. काही सुचलं नाही म्हणून नडगीवर अंगठा दाबला. काढला. खड्डा तसाच राहिला. तू वरून बघत होतीस. "भरतो का रे?" विचारलंस. मी म्हणालो, "भरतोय." त्या वेळी तू त्रेपन्न वर्षांची होतीस.

डॉक्टरांनी शिरेतून औषध दिलं. संध्याकाळपर्यंत बरंच पाणी निघून गेलं आणि दुसऱ्या दिवशी तू एका उशीवर झोपलीस. हृदय थकलंय, पण अजून हाताबाहेर गेलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मात्र ते बुचकळ्यात होते. दोन गोळ्या रोज चालू असताना एवढं पाणी साठावं कसं?

रामनाथला मी घरून तुझी औषधं आणायला सांगितलं. त्यानं ही डबी आणली. मी दवाखान्याच्या बाकावर बसून गोळ्या मोजल्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या तारखेशी ताडून पाहिल्या. दुसरी गोळी बरोबर संपत आली होती. पाण्याची गोळी, जी मोटार वाचवणार होती, ती निम्म्याहून जास्त शिल्लक होती. मी डबी घेऊन तुझ्या खाटेशी आलो. डॉक्टर तिथेच होते. चोरी पकडल्यासारखा मी बोललो, अक्का. आज ते कबूल करतो.

"ही गोळी तू घेत नाहीस."

"घेते की."

"मोजल्यात मी."

"तू मोजणारच. मंगळवारी घेते. शनवारी घेते."

"आणि बाकीचे पाच दिवस?"

तू खिडकीकडे बघितलंस. डॉक्टरांसमोर तुला बोलायचं नव्हतं. मग पदर नीट केलास आणि माझ्यावरच उखडलीस. "बाकीचे पाच दिस बाजार असतो. पहाटं टेम्पोत बसायचं, दुपारच्याला घरी. ती गोळी घेतली का तासाभरात उठाया लागतं, परत उठाया लागतं. बाजारात कुठं जायाचं रे बाईमाणसानं? तुम्ही गडी भिंतीला उभे राहता. आम्ही कुठं जायाचं? सांग ना. पेपरात हायेस ना तू?"

 पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीनं "खरंय गं बाई," म्हणून घेतलं.

मग तू सगळं सांगितलंस. टेम्पोत तुम्ही चौघी: तू, गंगूबाई, फुलांच्या गोण्या शिवणारी हमीदाबी आणि कोथिंबिरीवाली ठकूताई. चौघींचा एक नियम होता. बाजाराच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी बेतानं. पहाटे चहा अर्धा कप. बाजारात घोटभरसुद्धा नाही, कितीही ऊन असलं तरी. परतीच्या वाटेवर मक्याचं शेत लागलं की टेम्पो थांबायचा. ड्रायव्हर काही न विचारता खाली उतरून बिडी ओढत पाठ करून उभा राहायचा. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. त्या नियमात ती गोळी बसत नव्हती, म्हणून तू ती सुट्टीच्या दिवसापुरती ठेवली होतीस. दसऱ्याला सुट्टीच नव्हती.

डॉ. भालेराव स्टूल ओढून बसले. "मावशी, बाजारातून घरी किती वाजता येता?"

"दोन, आडीच."

"मग तीनला घ्या."

"तुम्हीच म्हणला होता, सकाळी."

"सकाळी अशासाठी की रात्री झोपमोड होऊ नये. दुपारी तीनला घेतली तर झोपेपर्यंत बरंचसं काम झालेलं असतं. रोज घेणं महत्त्वाचं, तीनला का असेना."

"एवढंच?" तू म्हणालीस.

"एवढंच," डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, "हे मी तीन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं."

त्यांनी ते मोकळेपणानं बोलून टाकलं. मी बोललो नाही. प्रश्न विचारणं हा माझा पेशा. मंत्र्यापासून हमालापर्यंत कोणालाही, कधी, कुठे, का, हे मी विचारत आलो. तुला तीन वर्षं मीठ किती खातेस एवढंच विचारलं. तू बाजारात सात तास काय करतेस, हा साधा प्रश्न सख्ख्या भावाला सुचला नाही. हे तुला सांगायचं राहिलं. मी ते सांगायची वाट तू बघत होतीस असं मला वाटत नाही. तुझ्या लेखी तो विषय त्याच दुपारी संपला होता.

तुझ्याकडे घड्याळ नव्हतं आणि नको होतं. गावात तीनची एसटी यायची, पारापाशी वळायची आणि वळताना हॉर्न द्यायची. तो हॉर्न म्हणजे गोळी. तू ओट्यावर तांब्या घेऊन बसायचीस. गाडी उशिरा आली तर गोळी उशिरा, आणि गाडी आलीच नाही तर तू कंडक्टरच्या नावानं शिव्या घालून गोळी घ्यायचीस. पहिल्या महिन्यात दाब खाली आला. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी दुसरी गोळी अर्धी केली. पायात गोळे येतात म्हणालीस तेव्हा त्यांनी रक्त तपासलं. या गोळीनं पाण्याबरोबर काही क्षारही निघून जातात, ते बघावं लागतं, म्हणाले. केळं खायला सांगितलं. "औषध म्हणून केळं," तू गावभर सांगत सुटलीस, "डाक्टर असावा तर असा."

आणि तू थांबलीस कुठे? वर्षभरात गंगूबाईलाही हाच आजार निघाला, मग ठकूताईला. दोघींनाही सकाळची गोळी मिळाली. दोघींनी ती घेतली नाही. तू दोघींना पकडून भालेरावांकडे नेलंस आणि दारातूनच म्हणालीस, "डाक्टर, ह्यांची बी तीनची करा." हमीदाबीला दाब नव्हता, ती नुसती सोबतीला यायची. तुझ्या ओट्यावर रोज तीनला चौघींची बैठक भरू लागली. तीन गोळ्या, चार तांबे. एकदा मी कामाशिवाय आलो होतो तेव्हा ते पाहिलं. हॉर्न वाजला, तुम्ही तिघींनी एकदम माना वर करून गोळ्या टाकल्या आणि हमीदाबी म्हणाली, "माझीच कशी बाई काही टाकायची नाय? मला बडीशेप तरी द्या." त्यानंतर तिला रोज बडीशेप मिळाली.

आईचं वय तू ओलांडलंस त्या दिवशी तू मला पुरणपोळीला बोलावलंस. कारण सांगितलं नाहीस. जेवण झाल्यावर म्हणालीस, "आजपासून मी आईपेक्षा मोठी." आणि भांडी घासायला उठलीस.

आता ते भांडण. ते लिहिलं नाही तर हे सगळं खोटं ठरेल.

तू दवाखान्यात जे बोललीस ते माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या महिन्यात मी बाजारात गेलो, चार ठिकाणच्या बायकांशी बोललो आणि आतल्या पानावर आठ ओळींची बातमी दिली. महिला विक्रेत्यांची गैरसोय, पाणी न पिण्याची सवय, त्यातून होणारे आजार. एका विक्रेतीनं याच कारणासाठी रक्तदाबाचं औषध टाळलं आणि तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं, असं एक वाक्य होतं. नाव नव्हतं, गाव नव्हतं. टेम्पोच्या ड्रायव्हरनं ती परतीच्या वाटेवर मोठ्यानं वाचून दाखवली.

तू दोन महिने माझ्याशी बोलली नाहीस. संक्रांतीला मीच आलो तेव्हा तिळगूळ हातावर ठेवलास, पण गोड बोल म्हणाली नाहीस.

"नाव घातलं नाही, अक्का."

"नाव कशाला घालतो? मखमलाबादच्या टेम्पोत चारच बाया हायेत. त्यातली एकच दवाखान्यात होती."

"बातमी सगळ्यांच्या भल्याची होती."

"असंल. तुला मी ते भाऊ म्हणून सांगितलं. तू त्याची बातमी केली. विचारलं का मला? माझं नाव पेपरात यायचं असंल तर ह्याच्यासाठी यावं का?"

मी म्हणालो, असल्या गोष्टी कोणी छापत नाही म्हणून तर त्या तशाच राहतात. तू म्हणालीस, तू तुझ्या बायकोची छाप मग. दाजी मध्ये पडले, "जेवा आता दोघं," म्हणाले. आपण जेवलो. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तू स्वतः एसटीनं आमच्याकडे आलीस, पिशवीत मेथी आणि गुलाब. "चल, दाब मोजायचाय." एवढ्यावर अबोला संपला. वाद संपला नाही. बातमी द्यायला हवी होती असं मला आजही वाटतं. तुला विचारायला हवं होतं हेही खरं आहे. दोन्ही खरं असलं तर माणसानं काय करायचं, हे तुझ्याशी एकदा बसून बोलायचं होतं. दरवेळी काही ना काही दुसरं निघालं.

बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय शेवटी झाली, पण सिंहस्थाच्या तयारीत. मध्ये आठेक वर्षं गेली होती, त्यामुळे माझ्या बातमीनं झाली असं मी म्हणणार नाही. तू म्हणालीस, "साधू यायचे व्हते म्हणून बायांची सोय झाली." मी विचारलं, आता सकाळी घेशील का गोळी? "नाय. तीनची सवय लागलीय. आन् तिथलं कुलूप कोणाकडं राहतं ते आधी विचार, मंग बातमी दे." मी विचारलं. चावी कोणाकडे असते हे तिथे कोणालाच नक्की सांगता आलं नाही. ती बातमी मी तुला विचारून दिली. तू म्हणालीस, "दे. ही दे."

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात डेस्कवर एक परदेशी बातमी आली होती. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर केलेली मोठी, दीर्घ पाहणी. ही जुनी, स्वस्त, पाण्याची गोळी नव्या महागड्या गोळ्यांच्या मागे पडत नाही, आणि हृदय थकून अंगात पाणी साठण्यापासून वाचवण्यात काहीशी पुढेच आहे, असा तिचा सारांश. मी ती भाषांतरित केली, एका कॉलमात बसवली. तेव्हा मीही दाबाचा रुग्ण झालो होतो आणि शहरातल्या डॉक्टरांनी दिलेली एक नवी, चकचकीत पाकिटातली गोळी घेत होतो. ती बातमी कापून तुझ्याकडे आणली आणि वाचून दाखवली.

तू शेवटपर्यंत ऐकलंस. मग माझ्या खिशाकडे बोट दाखवलंस. "मंग तुझी ती शिकलेली गोळी काय करून राह्यलीय?"

गंगूबाई हसून हसून भिंतीला टेकली. मी गंभीरपणे सांगितलं की प्रत्येकाचं औषध वेगळं असतं, कोणाला ही चालते, कोणाला ती. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. बरोबरच होतं ते. पण तुम्ही चौघी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. पुढच्या खेपेला मी माझ्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तपासण्या पाहिल्या आणि म्हणाले, तुम्हाला ही चालेल. तेव्हापासून आपण दोघं एकाच गोळीचे. मी सकाळी, तू तीनला. फोनवर तुझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "गोळी घेतली का?" नमस्कार नाही, काय चाललंय नाही.

या वर्षी तुझं पोट दुखायला लागलं. ते वेगळंच, गाठीचं दुखणं निघालं, आणि उशिरा निघालं. ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवण्याआधी त्यांनी तुझ्या हृदयाची तपासणी केली. पडद्यावर बघत तो तरुण डॉक्टर म्हणाला, "आजी, हार्ट छान आहे तुमचं. या वयात, एवढ्या वर्षांच्या बीपीत, असं फार कमी बघायला मिळतं." त्याला ते केवळ एक निरीक्षण होतं. तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. इतकी खूश मी तुला नातवाच्या वेळीही पाहिली नव्हती.

"ऐकलं का, दामू? मोटार चांगली हाय म्हणतोय." मग त्या पोराकडे वळून, "मंग बाबा, मी चालले कशानं?"

तो गडबडला.  तूच त्याची पाठ थोपटलीस. "जाऊ दे. तुझं काय चुकलं त्यात." खोलीत आल्यावर पाय चादरीबाहेर काढलास, नडगीवर स्वतःचा अंगठा दाबलास, काढलास. त्वचा लगेच सपाट झाली. "बघ," म्हणालीस. मी बघितलं. या वेळी मला खोटं बोलावं लागलं नाही.

त्रेपन्नाव्या वर्षी जायला निघालेली बाई अडुसष्टाव्या वर्षी गेली. मधल्या वर्षांत तू दोन नातवंडं शाळेत घातलीस, दाजींना सांभाळून पोचवलंस, शेवंतीचे तीन नवे वाण लावलेस, मिशरी सोडलीस, आणि मला अगणित वेळा गप्प केलंस. हे सगळं एका गोळीनं झालं असं लिहिलं तर ती चुकीची बातमी होईल. केळी होती, कमी केलेला खर्डा होता, भालेराव होते, नशीब होतं. पण ती गोळी डबीत न राहता पोटात गेली, रोज गेली, हे त्यात होतंच.

दहाव्याच्या दिवशी सकाळीच घाटावर गेलो होतो. परत यायला दोन वाजले. जेवणं झाली, पाहुणे पांगले. सुनंदानं डबी दिली ती याच सुमारास. मी ओट्यावर बसलो होतो. गंगूबाई आली, ठकूताई आली, मागून हमीदाबी. कोणी रडलं नाही. आपापले तांबे घेऊन त्या आपापल्या जागी बसल्या. तुझी जागा, खांबाजवळची, रिकामी सोडली. गाडी पाराला वळली, हॉर्न वाजला. दोघींनी माना वर करून गोळ्या घेतल्या. सुनंदा आतून बडीशेप घेऊन आली आणि हमीदाबीच्या हातावर ठेवली.

मग हमीदाबीनं माझ्याकडे पाहिलं. "दामूभाऊ, तुमची घेतली का?"

सकाळच्या धांदलीत माझी राहिली होती. तसं मी सांगितलं. घरचं पाकीट इंदिरानगरला होतं, पण गोळी तीच, आणि डबी माझ्या हातातच होती. गंगूबाईनं सरकून खांबाजवळ जागा दाखवली. ठकूताईनं तिच्या तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतलं. डबीत आठ गोळ्या होत्या, अक्का. आता सात आहेत.